चमचाभर रक्त

भात शिजला की नाही, हे पाहायला कोणी सारे पातेले रिकामे करीत नाही. एक शीत काढायचे, दोन बोटांत दाबायचे. शीत मऊ लागले की भात झाला. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो ते यासाठीच.

जमिनीचेही तसेच आहे. द्राक्षबाग लावण्याआधी निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी शेतातली थोडी माती पिशवीत भरतो. ती तपासायला पाठवतो. त्या पिशवीवरून साऱ्या शेताचा कस कळतो.

माणसाच्या रक्ताचीही परीक्षा अशीच होते. चमचाभर रक्त घेतात. कधी तर एक थेंबच पुरतो. त्यावरून अंगात काय कमी आहे, काय जास्त आहे, कोणता रोग शिरला आहे, हे कळते. पण रक्त काढायचे म्हटले की पुष्कळांना भीती वाटते. ही भीती कशी घालवायची, रक्त देताना काय पाहायचे आणि रक्त दिल्यावर काय करायचे, ते या पाठात वाचू.

पाड्यावरचे एक घर

असे समजा, सुरगाणा तालुक्यात एक पाडा आहे. पाड्यावर एक घर आहे. घरात आजी, तिचा मुलगा आणि सून. सुनेला चौथा महिना लागला आहे. ती गेल्या वर्षी रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकली.

एके दिवशी गावची आशाताई घरी आली.

"आजी, उद्या सूनबाईला आरोग्य केंद्रावर घेऊन जायचंय. रक्त तपासायचं आहे."

आजीच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, "अगं बाई, आधीच पोरीच्या अंगात रगत नाही. पायरी चढली की धाप लागते. आन त्यातलं बी तुम्ही काढून नेणार?"

"आजी, धाप लागते म्हणूनच तपासायचं. रक्त खरंच कमी आहे का, किती कमी आहे, हे डोळ्यांनी पाहून नीट कळत नाही."

"आमच्या वेळी कुठं कोण तपासत होतं? मला पाच झाली."

"झाली खरी. पण जगली किती, आजी?"

आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तीन."

आशाताई काही बोलली नाही. थोड्या वेळाने आजीच म्हणाली, "किती काढतात गं?"

"एक-दोन चमचे. त्याहून जास्त नाही."

"मग जाऊ द्या तिला. मीही येते संगं."

अंगात रक्त किती, घेतात किती?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. तपासणीसाठी एका नळीत २ ते ५ मिलिलिटर रक्त घेतात. चहाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे ५ लिटरमधून एक चमचा. हजारातला एक भाग! विहिरीतून घागर काढल्याने विहीर आटत नाही. हे तर घागरीएवढेही नाही.

शिवाय रक्त हे साठवून ठेवलेले पाणी नव्हे. आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. तिथे रात्रंदिवस नवे रक्तकण तयार होतात. तांबडा रक्तकण सुमारे १२० दिवस जगतो. मग तो मरतो आणि त्याची जागा नवा घेतो. तुम्ही रक्त तपासायला दिले नाही, तरी जुने कण जातात आणि नवे येतात.

रक्तदान करणारा माणूस एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त देतो. चांगल्या वजनाचा माणूस ४५० देतो. थोडी विश्रांती घेऊन, चहा-बिस्किट खाऊन तो घरी जातो. मग चमचाभर रक्ताने अशक्तपणा कसा येईल?

काही लोक म्हणतात, "आपलं रक्त काढून विकतात." हे खोटे आहे. तपासणीच्या नळीतले रक्त कोणालाही चढवता येत नाही. तपासणी झाली की ते नष्ट करतात. पैसे घेऊन रक्त देण्याची चाल पूर्वी आपल्या देशात होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करायला सांगितली. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे.

रक्त कसे काढतात?

दुसऱ्या दिवशी तिघी केंद्रावर गेल्या. तिथे रक्त तपासणारा माणूस होता. त्याला प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणतात. त्याने हात साबणाने धुतले, रबरी हातमोजे घातले.

त्याने विचारले, "ताई, पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आली होती का?"

"नाही भाऊ. हे पहिल्यांदाच आहे."

"येईल असं वाटलं तर सांगा. खाटेवर निजवून घेऊ. लाजू नका."

मग त्याने सुनेच्या दंडाला, कोपराच्या चार बोटे वर, रबरी पट्टा बांधला. तिला मूठ मिटायला सांगितली. पट्ट्याने शिरेतले रक्त अडते. शीर फुगते आणि बोटाला लागते. ती जागा त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि वाळू दिली. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली तर जास्त चुरचुरते. पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचे नसते.

त्याने सुईचे नवे पाकीट सुनेच्या समोर फोडले. सुई शिरेत घातली. मुंगी चावावी तेवढेच दुखले. रक्त येऊ लागताच त्याने मूठ उघडायला सांगितली आणि पट्टा सोडला. पट्टा एक मिनिटाहून जास्त वेळ बांधून ठेवू नये. जास्त वेळ बांधला तर तपासणीचे आकडे चुकू शकतात.

सुई काढल्यावर त्याने कापसाचा कोरडा बोळा ठेवला. म्हणाला, "हात सरळ ठेवा आणि बोळा दाबून धरा. दोन-तीन मिनिटं."

आपल्याकडे पुष्कळ लोक कोपर दुमडून बसतात. तसे करू नये. हात सरळ ठेवून बोटाने दाबावे. म्हणजे कातडीखाली रक्त साकळत नाही. एखाद्या वेळी निळा डाग पडतो. तो काही दिवसांत आपोआप जातो.

वापरलेली सुई त्याने पुन्हा टोपणात घातली नाही. टोपण लावताना त्याच्या बोटाला सुई लागू शकते. ती त्याने यंत्राने कापली आणि घट्ट पांढऱ्या डब्यात टाकली. रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत टाकला. दवाखान्यातला कचरा असा रंगांप्रमाणे वेगळा करावा, असा सरकारी नियम आहे. असा कचरा उकिरड्यावर पडला तर पोरांच्या पायात सुई घुसेल.

सुई नवीच हवी

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरायची नसते. ती उकळून घेतली, पुसून घेतली, तरी चालत नाही. सुईच्या पोकळीत रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश राहतो. त्यातून दोन प्रकारची कावीळ आणि एड्सचे विषाणू एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात. ही कावीळ वर्षानुवर्षे अंगात दबून राहते आणि यकृत नासवते.

म्हणून सरळ विचारावे, "भाऊ, सुई नवी आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोडा." असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगल्या तंत्रज्ञाला त्याचा राग येत नाही. बाजारात भाजी घेताना आपण वांगे उलटून पाहतोच की! मग अंगात शिरणारी सुई पाहायला काय हरकत आहे?

नळीवरचे नाव वाचा

रक्त नळीत भरले. नळीचे टोपण जांभळे होते. या नळीत एक औषध असते. त्याने रक्त गोठत नाही. तंत्रज्ञाने नळी हळूहळू आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली. जोराने हलवली तर रक्तकण फुटतात. तांबड्या टोपणाच्या साध्या नळीत रक्त गोठू देतात आणि वरचे पिवळसर पाणी तपासतात. साखर तपासायची असेल तर बहुधा करड्या टोपणाची नळी घेतात. तपासणीप्रमाणे नळी वेगळी. म्हणून कधी कधी एकाच वेळी दोन-तीन नळ्या भरतात. त्याने घाबरू नये.

मग तंत्रज्ञाने नळीवर चिठ्ठी चिकटवली. सूनबाई म्हणाली, "भाऊ, जरा बघू द्या."

तिने चिठ्ठी वाचली. नाव बरोबर होते. नवऱ्याचे नाव बरोबर होते. पण वय लिहिले होते ३२.

"भाऊ, माझं वय २२ आहे. हे ३२ लिहिलंय."

तंत्रज्ञाने वही उघडून पाहिली. त्या दिवशी रांगेत त्याच नावाच्या दोन बाया होत्या. दोघींच्या नवऱ्यांचे नावही एकच होते. दुसरीचे वय ३२ होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

"बरं झालं ताई, तुम्ही वाचलंत," तो म्हणाला. त्याने चिठ्ठी बदलली.

आजी बघत होती. ती म्हणाली, "आन वाचलं नसतं तर?"

तर एकीचा निकाल दुसरीच्या कागदावर गेला असता. जिला औषध हवे तिला मिळाले नसते. जिला नको तिला मिळाले असते. यंत्र कितीही चांगले असो, नळीवर नाव चुकीचे असेल तर सारी तपासणी फुकट. म्हणून चिठ्ठी रोग्याच्या समोरच लावायची आणि त्याला नाव विचारून लावायची, अशी पद्धत आहे.

तुम्हाला आता वाचता येते. ती विद्या इथे कामाला आणा. नाव, वय आणि गाव वाचा. चिठ्ठी इंग्रजीत असेल तर म्हणा, "काय लिहिलंय, मोठ्यानं वाचून दाखवा."

थेंबाची परीक्षा

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहू.

*रक्तातला तांबडा रंग.* तांबड्या रक्तकणांत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. रक्त तांबडे दिसते ते त्याच्यामुळे. तो छातीतून श्वासातला प्राणवायू उचलतो आणि साऱ्या अंगाला पोचवतो. तो कमी झाला की अंगाला प्राणवायू कमी पडतो. मग धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, काम सुचत नाही. हिमोग्लोबिन लोहापासून बनते.

पूर्वी खेडोपाडी ते मोजायची एक सोपी रीत होती. बारीक नळीत थोडे आम्ल घ्यायचे. त्यात बोटातले थोडे रक्त टाकायचे. रक्त तपकिरी होते. मग थेंब थेंब पाणी घालायचे. शेजारी ठरलेल्या रंगाची काच असते. दोन्ही रंग जुळले की नळीवरचा आकडा वाचायचा. आता लहान यंत्र आले आहे. पट्टीवर थेंब ठेवला की थोड्या वेळात आकडा दिसतो.

हा आकडा पुरुषात १३ च्या खाली, बाईत १२ च्या खाली आणि गरोदर बाईत ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. गरोदरपणी तो ७ च्या खाली गेला तर धोका मोठा. बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी अशा बाईच्या जिवावर बेतते. तिला वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेले पाहिजे.

*हिवताप.* बोटातला थेंब काचेच्या पट्टीवर पसरतात, वाळवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हिवतापाचे जंतू रक्तकणांच्या आत शिरून बसलेले दिसतात. ते माणसाच्या रक्तात प्रथम लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली पाहिले. डासाच्या पोटात हे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या देशातच, सिकंदराबादेत, दाखवून दिले. हिवतापाचे प्रकार वेगळे, औषधेही वेगळी. म्हणून थंडी वाजून ताप आला की मनाने गोळी घेऊ नये. आधी रक्त तपासावे.

*हत्तीरोग.* विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हा रोग आहे. त्याच्या तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. लोकांना याचे नवल वाटते. पण त्या रोगाचे बारीक जंत दिवसा अंगात खोल दडून बसतात. रात्री ते कातडीजवळच्या रक्तात येतात. चोर रात्री निघतो, म्हणून पहाराही रात्रीच द्यावा लागतो.

*साखर.* मधुमेहाच्या तपासणीला सकाळी उपाशीपोटी जावे लागते. आदल्या रात्रीनंतर निदान ८ तास काही खाऊ नये. चहाही नको. साधे पाणी प्यायला हरकत नाही. उपाशीपोटी आकडा १०० च्या खाली असला तर ठीक. १२६ किंवा जास्त आला तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. वाटेत चहा घेतला असेल तर तसे सांगावे. लपवले तर आकडा खोटा येतो आणि आपलेच नुकसान होते.

विळ्यासारखा रक्तकण

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या भागांत आदिवासी वस्ती मोठी आहे. आदिवासी समाजात सिकलसेल नावाचा रोग इतरांपेक्षा जास्त आढळतो. सिकल म्हणजे विळा. नेहमीचा रक्तकण वाटोळा, मधे दबलेला असतो. या रोगात तो वाकून विळ्यासारखा होतो. असे कण बारीक शिरांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात, मूल वारंवार आजारी पडते.

अमेरिकेतल्या हेरिक नावाच्या डॉक्टरने हा रोग १९१० साली प्रथम लिहून ठेवला. आपल्या देशात तो १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासी लोकांत आढळला.

हा रोग करणीने होत नाही. तो कोणाच्या पापाने होत नाही. तो शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो आईबापांकडून जन्माबरोबर येतो. कसा येतो ते पाहा.

काहींच्या अंगात या रोगाचा अर्धा वाटा असतो. त्यांना वाहक म्हणतात. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, डोंगर चढतो. आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मुलांना हा रोग होत नाही. काही मुले वाहक होऊ शकतात, इतकेच. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चार भागांतला एक भाग धोका असतो की मूल रोगी निघेल. दोन भाग मूल वाहक होण्याचे असतात. एक भाग निरोगी होण्याचा. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असे मात्र नाही. दर खेपेला फासा नव्याने पडतो.

याची पहिली तपासणी सोपी आहे. एका नळीत ठरावीक द्रव घेतात. त्यात थोडे रक्त टाकतात. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर काळजी नाही. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी करतात. माणूस वाहक आहे की रोगी, हे या दुसऱ्या तपासणीतच कळते. म्हणून पहिल्या तपासणीनंतर घाबरून बसू नये. दुसरीचा निकाल घ्यावा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे केंद्र सरकारने या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासायचे आणि २०४७ पर्यंत या रोगाचा प्रश्न मिटवायचा, असे तिचे ठरले आहे. महाराष्ट्र या मोहिमेत आहे.

लग्न जुळवताना आपण कूळ पाहतो, शेत पाहतो. त्याबरोबर दोघांचे रक्तही तपासावे. वाहक निघालेल्या मुलीला किंवा मुलाला नावे ठेवू नयेत. वाहकाने निरोगी जोडीदार पाहावा, म्हणजे झाले. रोग झालेल्यांनाही आता औषध आहे. वेळेवर घेतले तर दुखण्याचे झटके कमी होतात.

गट जुळला तरी पडताळा

रक्ताचे गट असतात, हे तुम्ही ऐकले असेल. ए, बी, एबी आणि ओ. व्हिएन्ना शहरात लँडस्टायनर यांनी १९०१ साली यांतले तीन गट प्रसिद्ध केले. त्याआधी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी माणूस वाचे, कधी दगावे. कारण कळत नसे.

१९५२ साली मुंबईत आणखी एक नवल कळले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की जे यांपैकी कोणत्याच गटाशी जुळेना. साध्या तपासणीत ते ओ गटासारखे दिसते. पण त्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याला त्याच गटाचे रक्त लागते. साऱ्या जगात हा गट 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने ओळखला जातो. म्हणून नुसता गट ठाऊक असून भागत नाही. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त एकत्र करून पडताळावे लागते. त्याला वेळ लागतो. तेव्हा, "रक्त आणलं तरी डॉक्टर चढवीत का नाहीत?" म्हणून भांडू नये.

गटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात. गरोदर बाई निगेटिव्ह आणि जन्मलेले मूल पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला एक इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले तर पुढच्या बाळाला धोका होतो. म्हणून आपला गट कार्डावर लिहून घ्यावा.

निकाल आणायला जा

आता पाड्यावरच्या घरी परत येऊ. चार दिवसांनी निकाल मिळणार होता. त्या दिवशी भात लावणी होती. मुलगा म्हणाला, "कागदच आणायचा आहे ना? पुढल्या बाजारी आणू."

आजी म्हणाली, "लेका, रगत देऊन कागद आणला नाही, तर रगत दिलं कशाला? बी टाकायचं आन कापणीला जायचं नाही, असं कुठं असतं का?"

सूनबाई आणि आशाताई गेल्या. कागद इंग्रजीत होता, पण आकडे कळत होते. आकड्याच्या शेजारी नेहमीचे प्रमाण किती असते तेही छापलेले होते. हिमोग्लोबिन होते ८.४. असायला हवे ११. आणि सिकलसेलच्या दुसऱ्या तपासणीत ती वाहक निघाली होती.

डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. सांगितले, "गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळी होईल, घाबरू नका. महिन्याने पुन्हा रक्त तपासू. आणि तुमच्या मालकांनाही एकदा पाठवून द्या."

मुलगा प्रथम तयार होईना. "मी धडधाकट आहे. मला काय धाड भरली?"

सून म्हणाली, "अहो, मी तरी कुठं आजारी होते? तपासलं तेव्हा कळलं."

आजीने त्याच्या हातात टोपी दिली. "जा. मी पाच काढली आन दोन घालवली. का गेली ते अजून मला ठाऊक नाही. तुमच्यावर ती पाळी नको."

तो गेला. त्याचे रक्त निरोगी निघाले. म्हणजे पोटातल्या बाळाला सिकलसेलचा रोग होणार नाही, हे कळले. महिन्याने सुनेचे हिमोग्लोबिन ९.३ झाले. अजून ११ व्हायचे होते. पण वाट बरोबर होती.

दोघेही वाहक निघाले असते तर? तरीही वेळेवर कळणे चांगलेच. अशा जोडप्याला डॉक्टर पुढची तपासणी आणि सल्ला देतात. न कळता बसणे हे सर्वांत वाईट.

तुमचा हक्क

गरोदर बाईची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. दर महिन्याच्या ९ तारखेला तिच्यासाठी खास तपासणी असते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नसेल तर तालुक्याच्या रुग्णालयात जावे. सुरगाणा, पेठ येथे ग्रामीण रुग्णालय आहे, कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि नाशिकला जिल्हा रुग्णालय आहे.

रक्त कशासाठी घेता, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. निकाल समजावून घेण्याचा हक्क आहे. एड्सची तपासणी तुमच्या संमतीनेच करावी आणि तिचा निकाल गुप्त ठेवावा, असा २०१७ सालचा कायदा आहे. दुसऱ्याचा निकाल चावडीवर किंवा पाणवठ्यावर बोलू नये. आज त्याचा, उद्या आपला.

निकालाचे कागद टाकून देऊ नका. एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. सातबारा जसा जपता तसे जपा. पुढच्या वेळी डॉक्टर मागचा आकडा पाहतात आणि माणूस सुधारतो आहे की खालावतो आहे, हे त्यांना चटकन कळते.

ध्यानात ठेवा

१. चमचाभर रक्ताने अशक्तपणा येत नाही.
२. सुई नवी हवी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.
३. नळीवरचे नाव आणि वय वाचा.
४. उपाशी यायला सांगितले असेल तर उपाशीच जा.
५. निकाल आणा, आकडा वाचा, डॉक्टरांना दाखवा.
६. लग्नाआधी दोघांचे रक्त सिकलसेलसाठी तपासा.

उत्तरे सांगा

१. मोठ्या माणसाच्या अंगात किती रक्त असते? तपासणीला किती घेतात?
२. सूनबाईने चिठ्ठी वाचली नसती तर काय झाले असते?
३. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन किती असावे?
४. वाहक आणि रोगी यांत फरक काय?
५. तुमच्या घरात कोणाकोणाचे रक्त तपासले आहे? त्यांचे आकडे वहीत लिहा. कोणाचे राहिले आहे, त्यांची नावेही लिहा.

शब्दांचे अर्थ

तंत्रज्ञ – यंत्राचे व तपासणीचे शिक्षण घेतलेला माणूस
सूक्ष्मदर्शक – बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र
मगज – हाडाच्या आतला मऊ भाग
वाहक – ज्याच्या अंगात रोगाचा अर्धा वाटा आहे, पण जो आजारी नाही असा
संमती – होकार